योम श्लिशी म्हणजे बुधवार नाही! (इस्रायलला केअरगिव्हर म्हणून येणाऱ्यांसाठी)

जेवणाखाणाची हिब्रू घरात राहून आपोआप येते, वेळेची मात्र बसून पाठच करावी लागते, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले. आजींच्या मुलीने फोनवर सांगितलं, डॉक्टरांचा तोर (अपॉइंटमेंट) योम श्लिशीला, बेअर्बा म्हणजे चार वाजता. योम म्हणजे दिवस, श्लिशी म्हणजे तिसरा एवढं कळलं, मी सोमवारपासून मोजलं आणि बुधवारवर गोल केला. मंगळवारी साडेचारला फोन वाजला तेव्हा आजी गाऊन घालून सोफ्यावर बसलेल्या. पुढचा तोर तीन आठवड्यांनी मिळाला, तोवर त्यांचा गुडघा दुखतच राहिला, अजून वाईट वाटतं.

तर मोजायचं रविवारपासून. रिशॉन, शेनी, श्लिशी, रेविई, खमिशी, शिशी, आणि शनिवारला नंबरच नाही, तो शब्बात, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. दिवस सूर्य मावळला की बदलतो म्हणून एरेव शब्बात म्हणजे शुक्रवार, शनिवारची संध्याकाळ नव्हे, तिला मोत्साई शब्बात म्हणतात. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक ठिकाणी बस बंद होतात, औषधं त्याआधीच आणून ठेवा. (कोकणात बेने इस्रायलींना, म्हणजे तिथल्या ज्यूंना, शनिवार तेली म्हणायचे ते शब्बातला घाणा बंद ठेवायचे म्हणून.)

घड्याळ आपल्याला सोपं जातं, अर्बा वाखेत्सी साडेचार, रेवा लेखमेश पावणेपाच. औषधाच्या बाबतीत मात्र पाअमायिम बेयोम म्हणजे दिवसातून दोनदा, लिफ्नेई हाओखेल जेवणाआधी, अखरेई हाओखेल जेवणानंतर, हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. शेवटी आयिम आलं की बऱ्याचदा दोन, योमायिम दोन दिवस, श्वुआयिम दोन आठवडे. पण त्साहोरायिम म्हणजे नुसती दुपार, तिथे दोन शोधू नका. आपला परवा मागेपुढे दोन्हीकडे चालतो, इथे मागचा शिल्शोम आणि पुढचा मोखरोतायिम, वेगवेगळे.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सणांच्या आसपास सुट्टीचं किंवा पगाराचं काही विचारलं तर उत्तर येतं अखरेई हाखागिम, सणांनंतर, अगदी आपलं दिवाळीनंतर बघू. तेव्हा मान डोलवून गप्प बसू नका, नम्रपणे विचारा, बेएझे ताआरिख? कुठल्या तारखेला? ताआरिख हा शब्द तरी पाठ करावा लागत नाही, आपल्या तारखेसारखाच तोही अरबीतून आलाय.