भावनांवरून विश्वास मोजू नका, आणि टाळण्यासारख्या आणखी काही चुका

कोल्हापुरात मंडळीतल्या ख्रिस्ती तरुणांच्या वर्गाला शिकवताना आणि घरसभांना बसताना काही चुका इतक्या नेमाने समोर येतात की, नव्या माणसाने तोंड उघडण्याआधीच तो काय विचारणार हे कळते. "पूर्वीसारखे काही वाटत नाही, मग माझा विश्वास गेला का?" हा त्यांतला पहिला प्रश्न. अंतःकरण भरून आले म्हणजे देव जवळ आहे आणि कोरडे पडले म्हणजे तो दूर गेला, हा हिशेब त्याच्या मुळाशी असतो, आणि इतका चिवट गैरसमज मी दुसरा पाहिलेला नाही.

पन्हाळ्यावरच्या एका तरुण शिबिरात शेवटच्या रात्री गाणी लांबली, दिवे मंद केले गेले, पुढे येण्याचे आवाहन पुन्हा पुन्हा झाले आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा हुंदके देत पुढे गेला. देवाने आपल्याला सेवेला बोलावले आहे, असे त्याने सर्वांसमोर सांगितले आणि तो गड उतरला तो कॉलेज सोडण्याचा निश्चय करूनच. पाऊस सुरू होईपर्यंत ती ऊब ओसरली. शास्त्र, म्हणजे बायबल, उघडले तर नुसती अक्षरे दिसत, प्रार्थनेला बसले तर झोप येई. एक तर त्या रात्री घडले ते खोटे होते किंवा देवाने आपल्याला टाकले आहे, याखेरीज तिसरा अर्थ त्याला सुचेना, आणि शेजारी डोळे मिटून गाणाऱ्यांच्या मध्ये आपण ढोंगी ठरू या भीतीने तो रविवारी उपासनेलाही येईनासा झाला. आवाहन करणारे वक्ते तोवर दुसऱ्या गावच्या शिबिराला गेले होते. एका रात्रीत वर्षांचे काम उरकू पाहणारी ही पद्धत मला कधीच पटलेली नाही.

त्याला मी मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्याविषयी सांगितले. २४ मे १७३८ रोजी लंडनमधल्या अल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत आपले अंतःकरण विलक्षण उबदार झाले, असे त्यांनी रोजनिशीत लिहिले, आणि उपदेशांत ते हमखास सांगितले जाते. जानेवारी १७३९ मध्ये त्याच रोजनिशीत, आपण अजूनही ख्रिस्ती नाही, असे त्यांनी लिहिले, ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. "मग खरे काय, मे की जानेवारी?" असे त्या मुलाने विचारले. ख्रिस्त मेला आणि पुन्हा उठला हे दोन्ही महिन्यांत सारखेच खरे होते, आणि वेस्ली १७९१ मध्ये मरेपर्यंत त्याच आधारावर उपदेश करत हिंडले, एवढेच मी म्हणालो. त्याने आधी पदवी पूर्ण केली. भरल्या डोळ्यांनी घेतलेला निर्णय निदान पुढच्या प्रभुभोजनापर्यंत, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीपर्यंत, तरी कोणाला कळवू नये, असा माझा शिरस्ता आहे. खरे पाचारण थांबल्याने नासत नाही. उतावळ्या मंडळींना हा सल्ला थंडपणाचा वाटतो, वाटू द्यावा.

याचा अर्थ भावना निरुपयोगी आहेत असा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे येथे पोरासोरांनाही पाठ असते. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या त्या पट्टीकडे शहाणा माणूस पाहतोच, पण आपल्या घराचा पाया किती खोल आहे ते तीवर वाचता येत नाही.

दुसरी चूक उलट दिशेची आहे, आणि तिने मला अधिक राग येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर एका उपकारस्तुतीच्या सभेत घर बुडालेल्या एका ताईंना साक्ष द्यायला उभे केले गेले. शिलाई मशीन गेले होते, आणि सासऱ्यांच्या हातचे शास्त्र गच्चीवर वाळत घातले तरी गाळाने पाने एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. एवढे सांगून त्या रडू लागल्या, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी मध्येच उठून, "ताई, रडणे हा अविश्वास आहे, स्तुती करा," असे सुनावले. त्या खाली बसल्या आणि नंतर बरेच दिवस कोणत्याही सभेत बोलल्या नाहीत. मेलेल्या लाजाराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात त्या वडीलधाऱ्यांनी अनेकदा वाचलेले असणार. मी त्या ताईंच्या घरी गेलो तेव्हा अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मोठ्याने वाचले. ते अंधारात सुरू राहते आणि अंधारातच संपते, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही. म्हणून पुढचे स्तोत्र जोडण्याचा मोह आवरून मी तिथेच थांबलो. "हे शास्त्रात आहे?" असे त्यांनी विचारले आणि पान स्वतः उघडून पाहिले.

आता उरलेल्या चुका थोडक्यात. हात उंचावणाऱ्याचा विश्वास मोठा आणि मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्याचा लहान, असे समजू नये. स्वतःच्या इच्छेला "देवाने मला सांगितले" असे नाव देण्यापूर्वी यिर्मयाच्या सतराव्या अध्यायातले कपटी हृदयाविषयीचे वचन वाचावे, आणि विशेषतः लग्न जमवताना ते दोनदा वाचावे. शंका आली म्हणून लपून बसू नये. "माझा अविश्वास घालवा" असे येशूला तोंडावर म्हणणाऱ्या बापाचा मुलगा बरा झाला होता.

नीट झोप न झालेल्या माणसाशी मी विश्वासाची चर्चाच करत नाही. मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले, मध्ये झोपू दिले, आणि देवाने त्याला प्रश्न विचारला तो पुढे होरेब डोंगरावर पोहोचल्यावर. खिन्नता आठवडे टिकली तर डॉक्टरांकडे जावे. ज्या मिशनने आपल्या भागात सुवार्ता आणली त्याच मिशनच्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हा गोळी घेणे म्हणजे विश्वासाची उणीव असे म्हणणाऱ्यांनी निदान आपल्याच मंडळीचा इतिहास वाचावा. चालू असलेली गोळी बंद करायची की नाही, हे प्रार्थनागटात ठरवू नये. ती ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारावे.