चाळिशीनंतर समाजशास्त्र शिकताय? मग या चुका टाळा

नोकरी, संसार सांभाळून परत शिकायला येणाऱ्यांमध्ये समाजशास्त्र घेणारे खूप असतात. कोणी बँकेतून व्हीआरएस घेतलेले, कोणी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, कोणी पोलीस खात्यातले, आणि मुलं मार्गी लागल्यावर आता माझं राहिलेलं शिक्षण पूर्ण करते म्हणणाऱ्या ताई तर प्रत्येक बॅचला असतातच. मी रविवारी अभ्यासकेंद्रावर या मंडळींचे तास घेते आणि मला हे विद्यार्थी मनापासून आवडतात, कारण विशीतल्या पोराला जे समजावून सांगावं लागतं ते यांनी जगलेलं असतं. पण गाडी अडते तीही बहुतेक वेळा याच अनुभवापाशी. तो कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे एकदा कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

मी स्वतः पाहिलंय ना, मग?

असाइनमेंटला प्रश्न असतो की शहरात जातीचं स्वरूप कसं बदललं, आणि उत्तर येतं की आमच्या सोसायटीत इतक्या वर्षांत कोणी कोणाची जात विचारली नाही, म्हणून शहरात जात संपत चाललीय. अनुभव खरा आहे, त्यावर वाद नाही, पण एका सोसायटीवरून अख्खं शहर ठरत नाही आणि विचारलं नाही म्हणजे माहीत नाही असंही नसतं, आडनाव ऐकलं की निम्मं काम झालेलं असतं. अशा उत्तराला मार्क कमी पडले की लोक नाराज होतात, म्हणतात पुस्तकातलं लिहिलं तर चालतं, जगण्यातलं लिहिलं तर चालत नाही का?

चालतं की! फक्त ते वाक्य पूर्णविरामावर थांबवू नका, त्याचे प्रश्न करा. फ्लॅट भाड्याने देताना मालक आधी काय विचारतात? सोसायटीतल्या मुलामुलींची गेल्या काही वर्षांत लग्नं झाली ती कुठल्या घरांत झाली? गणपतीतल्या सत्यनारायणाला दरवर्षी कुठलं जोडपं बसतं? कचरा न्यायला येणारी माणसं कुठल्या वस्तीतून येतात आणि त्यांना पाणी कुठल्या भांड्यातून दिलं जातं? हे चार प्रश्न घेऊन आठवडाभर डोळे उघडे ठेवलेत तर तुमच्या हातात अनुभवाच्या पुढचं काहीतरी येईल, आणि तेच लिहायचं असतं.

समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीला चालत गेल्या होत्या, त्यावरचा त्यांचा लेख सगळ्यांनी वाचावा असं मी पहिल्याच तासाला सांगते. वारीत सगळे सारखे, हे आपण सगळेच म्हणतो आणि वारी केलेले लोक तर शपथेवर सांगतात. बाईंनी काय केलं, तर मुक्कामाला चुली कुठे कुठे पेटतात आणि कोण कोणाच्या पंगतीला बसतं तिकडे लक्ष दिलं. दिवसभर एकत्र अभंग म्हणणाऱ्या एकाच दिंडीत जेवणं मात्र जातीप्रमाणे वेगळी होती. मग त्या स्वतः उठून मराठा बायकांसोबत जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी मोकळेपणानं बोलायला लागल्या, हात धरून चालायला लागल्या. वारीवरचं त्यांचं प्रेम त्या लेखात ओळीओळीत दिसतं आणि तरीही चुलीकडे बघणं सुटलेलं नाही. मला वाटतं सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांमध्ये राहून, त्यांच्यासोबत वावरत केलेला अभ्यास, म्हणजे काय हे कुठल्याही व्याख्येपेक्षा या एका प्रसंगातून जास्त कळतं.

पहिल्या पानापासून क्रमाने वाचायचा हट्ट

पुस्तकं आली की बहुतेक जण युरोपातल्या जुन्या समाजशास्त्रज्ञांपासून, म्हणजे ऑगस्ट कॉम्तपासून सुरुवात करतात, मग स्पेन्सर, मग दुर्खाइम, आणि वेबरपर्यंत येईस्तोवर दिवाळी आलेली असते, वाचन सुटतं आणि मग डोक्यात काही शिरतच नाही, वय झालं आता, असं सुरू होतं. वयाचा यात काही संबंध नाही. फ्रान्समधल्या कारखान्यांचा आणि क्रांतीचा संदर्भ नसताना तिथली थिअरी वाचली तर कोणालाही जड जाणार. त्यामुळे भारतीय समाजशास्त्राचा पेपर आधी काढा, तिथली माणसं आणि गावं ओळखीची वाटतात.

मुंबई विद्यापीठात 1919 ला समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. 1924 ला तिथे गोविंद सदाशिव घुर्ये आले, ते मूळचे मालवणचे. पुढे ज्यांची नावं प्रत्येक युनिटला, म्हणजे धड्याला, भेटतात ते एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, ए. आर. देसाई हे सगळे घुर्यांचे विद्यार्थी. ही साखळी एका कागदावर काढून भिंतीला लावा. गुरूने जातीबद्दल काय म्हटलं, कुठला शिष्य ते पुढे घेऊन गेला आणि देसाईंसारखा कोण मार्क्सच्या वाटेने गेला, असं बघत गेलात तर नावं वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

आणि गाईडवरून मूळ लेखनाकडे जायचा धीर होत नसेल तर बाबासाहेब आंबेडकरांच्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधापासून सुरुवात करा. 9 मे 1916 ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी तो वाचला, तेव्हा त्यांचं वय 25 होतं. निबंध छोटा आहे, एका संध्याकाळी वाचून होतो, आणि महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्याच खंडात आहे. त्यात मुद्दा असा, की जात टिकते ती आपल्याच गटात लग्न करण्याच्या नियमावर, आणि हा नियम टिकवायचा तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते, मग नवरा मेल्यावर उरलेल्या बाईचं काय करायचं हा त्या व्यवस्थेपुढचा प्रश्न होतो, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा त्याच्याशी जोडलेल्या दिसतात. एकेका प्रथेवर आपण शाळेपासून निबंध लिहीत आलो, पण त्या एकमेकींना कशा धरून आहेत हे इथे दिसतं. आमच्या वर्गात हा निबंध वाचल्यावर बायका बराच वेळ आपापल्या आज्या-पणज्यांबद्दल बोलत राहतात आणि मी तो तास कधीच मध्ये तोडत नाही.

दिसलं की लेबल लावायचं

दुर्खाइमचं आत्महत्येवरचं पुस्तक 1897 चं, त्यात त्याने आत्महत्येचे प्रकार पाडलेत. ते शिकवलं की पुढच्याच असाइनमेंटमध्ये विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या या अमुक प्रकारच्या आत्महत्या आहेत असं एका ओळीत लिहून लोक मोकळे होतात. असं करू नका, त्या घरांसाठीही नको आणि अभ्यासासाठीही नको. दुर्खाइमने एकेका माणसाची कहाणी घेऊन निष्कर्ष काढले नव्हते, त्याने प्रमाण बघितलं, म्हणजे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक भागांत, विवाहित आणि अविवाहितांमध्ये हे प्रमाण वेगवेगळं का आणि ते वर्षानुवर्षं तसंच का राहतं. तुम्हाला विदर्भाबद्दल लिहायचं असेल तर आधी तुलना कशाची कशाशी करणार ते ठरवा. कोरडवाहू आणि बागायती, बँकेचं कर्ज आणि सावकाराचं, एकट्याची शेती आणि भावाभावांची एकत्र. आकडा कोणी नोंदवला आणि कोणाची नोंदच झाली नाही हेही विचारा, शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नसेल तर ती शेतकरी म्हणून मोजली जाते का? एवढं केल्यावर मग प्रकाराचं नाव लिहा, आणि बसत नसेल तर बसत नाही असं लिहा, त्याने मार्क जात नाहीत.

मानवशास्त्र म्हणजे आदिवासी पाडा, असं नाही

सांस्कृतिक मानवशास्त्राचा पेपर आला की मेळघाटला किंवा जव्हारला दोन दिवस जाऊन येऊ का, असं हमखास कोणीतरी विचारतं. ओळख नाही, भाषा येत नाही, दोन दिवसांत फोटो मिळतील, अभ्यास होणार नाही, आणि तिथल्या माणसांना आपण बघायची वस्तू करून ठेवतो ते वेगळंच.

घरीच बसा आणि नात्यांचा तक्ता काढा. इरावती कर्व्यांचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं पुस्तक 1953 चं, त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग केलेत आणि महाराष्ट्र मध्य विभागात ठेवलाय. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न चालत नाही, दक्षिणेत अनेक ठिकाणी ते मुद्दाम करतात, आणि आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ आहे. कित्येक जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची मुलगी करायला बरीच घरं तयार नसतात, आणि चुलत-मावस तर बहीणभाऊच. आता हे तुमच्या घरात तपासा. आजोबांच्या पिढीपासून कोणाचं लग्न कुठल्या गावात, कुठल्या नात्यात झालं ते लिहा, घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारा की देवक कुठलं, कळंब की पंचपालवी की आणखी काही, आणि एकच देवक निघालं म्हणून मोडलेली सोयरीक आठवते का. मग मामाची मुलगी करणं तुमच्याकडे कुठल्या पिढीत थांबलं ते बघा आणि का थांबलं ते विचारा. कोणी डॉक्टरांचा सल्ला सांगेल, कोणी शहरात आलो म्हणून सांगेल, कोणी मुलीच नको म्हणाल्या असं सांगेल. ही तिन्ही उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवा, त्यातलं खरं कुठलं हे ठरवायची घाई नको.

प्रोजेक्टचा विषय आणि मुलाखती

'महाराष्ट्रातील स्त्रियांचे बदलते स्थान' हा विषय घेऊ नका, कृपा करून. तो कोणालाच एका वर्षात झेपत नाही. त्याऐवजी तुमच्या वॉर्डातल्या एका बचत गटात आधी कर्ज कोणाला द्यायचं हे कसं ठरतं, एवढं घ्या. यात पैसा आहे, नातं आहे, जात आहे, नवऱ्याचा दबाव आहे, आणि दर महिन्याची मीटिंग तुम्हाला समोर बसून बघता येते.

मुलाखतीत सगळ्यात जास्त बिघडतो तो प्रश्न. घरकामाचा त्रास होतो का, असं विचारलं की हो किंवा नाही एवढंच मिळतं आणि बहुतेक वेळा नाहीच मिळतं. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा, असं विचारा आणि गप्प बसा. मोठ्या वयात हे गप्प बसणं अवघड जातं, सल्ला द्यायची सवय लागलेली असते. दुसरं, तुम्ही समोरच्यासाठी कोण आहात ते विसरू नका. पर्यवेक्षिकेने सेविकेची मुलाखत घेतली तर सेविका साहेबांना आवडेल तेच बोलणार, शिक्षकाने पालकांची घेतली तरी तेच. शक्यतो हाताखालच्या माणसांना घेऊच नका, घेतलंत तर हे नातं अहवालात स्पष्ट लिहा.

परवानगी विचारूनच रेकॉर्डिंग करा. नाव बदललं की झालं असंही समजू नका, छोट्या गावात एकच पोस्टमन आणि एकच आशाताई असतात, व्यवसाय लिहिला की गाव ओळखतं. टिपणं त्याच रात्री नीट लिहा, आणि दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात केलेल्या अभ्यासाची, वर्षानुवर्षं मेहनत घेऊन तयार केलेली टिपणं 1970 मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाली. पुढे मुख्यतः आठवणीवर त्यांनी त्या गावावरचं पुस्तक लिहिलं, ते 1976 ला आलं. आपल्याकडे निदान ईमेल आहे, स्वतःलाच पाठवून ठेवा.

बाकी ज्या गोष्टींनी वर्ष वाया जातं

प्रवेश घेताना माध्यम बघा. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, समाजशास्त्राचं एमए इंग्रजी किंवा हिंदीत आहे, मराठीत लिहायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे चौकशी करा. इंग्रजी वाचन हळू होत असेल तर आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचा, ती वेबसाइटवर फुकट आहे, मग इंग्रजी युनिट उघडा, निम्मा वेळ वाचतो. इग्नूची युनिट त्यांच्याच ईज्ञानकोश या वेबसाइटवर पीडीएफमध्ये मिळतात, त्यामुळे पुस्तकं पोस्टाने यायची वाट बघत बसू नका.

उत्तराची सुरुवात 'भारत हा विविधतेने नटलेला देश आहे' अशी नको. संकल्पना, ती कोणी मांडली, कशावरून मांडली, तुमचं एक उदाहरण आणि त्या संकल्पनेवर कोणी काय आक्षेप घेतला, एवढं आलं की उत्तर भरतं. आणि हाताने लिहायचा सराव करा, यावर मी दरवेळी भांडते. वर्षानुवर्षं कीबोर्ड आणि मोबाइल वापरलेला हात तीन तास सलग लिहू शकत नाही, येत असलेला शेवटचा प्रश्न सुटतो. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज अर्धा तास लिहा.

इग्नूला असाइनमेंटचे 30 टक्के आणि लेखी परीक्षेचे 70 टक्के धरतात, जून आणि डिसेंबर अशा दोन परीक्षा असतात, आणि परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, अॅडमिशन घेतली म्हणजे हॉलतिकीट येईल असं नाही. असाइनमेंट दिल्याची पावती जपून ठेवा. एखादा पेपर राहिला तर फक्त तोच परत द्यायचा असतो, पास झालेले पेपर आणि असाइनमेंटचे मार्क तसेच राहतात आणि दोन वर्षांचं एमए पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुदत असते, तेव्हा घरात लग्नकार्य किंवा आजारपण निघालं तर त्या सत्राला दोनच पेपर द्या आणि बाकीचे पुढच्या डिसेंबरला ठेवा.