सपाट रस्ता फसवतो: नदीकाठी आणि पाणथळ भागात धावताना या चुका टाळा

नदीकाठचा रूट ठरवताना बहुतेक जण एकच गोष्ट बघतात, ती म्हणजे चढ किती आहे. चढ नाही म्हटल्यावर अंतर वाढवलं जातं, पेस म्हणजे धावण्याचा वेगही वाढवला जातो, आणि तिथेच गणित चुकतं. डोंगरात रूट किती अवघड हे चढ ठरवतो, सपाट पाणथळ भागात ते पाणी ठरवतं. कुठे ओलांडता येईल, पायाखाली काय लागेल, परतायला किती वाजतील, हे सगळं पाण्याच्या हातात असतं. म्हणून आधी पाणी बघावं, मग किलोमीटर मोजावेत.

पूल न बघता रूट आखणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच. नकाशावर पलीकडचा काठ जेमतेम अर्धा किलोमीटर दिसतो, पण पूल मात्र सहा किलोमीटर वर असतो. शिवाय सपाट प्रदेशात नदी सरळ वाहत नाही. दोन ठिकाणांमधल्या सरळ अंतराच्या निदान दीडपट पात्र वळसे घेत असेल, तर भूगोलात त्या नदीला नागमोडी म्हणतात. म्हणजे नागमोडी नदीचा काठ न सोडता धावलात, तर दहा किलोमीटरचे सहज पंधरा होतात. त्यात नदीला मिळणारा प्रत्येक ओढा आणि कालवा मध्ये आडवा येतो. त्यावर साकव नसेल, तर ओढ्याच्या कडेने आत जा, ओलांडा आणि पुन्हा काठावर या, एवढा वळसा वाढतो.

यावर उपाय सोपा आहे. रूटची रेघ मारण्याआधी नकाशावर फक्त ओलांडायच्या जागांवर खुणा करा: पूल, साकव, पाण्याच्या दारांवरून जाणारी वाट, होडी. मग दोन पक्क्या पुलांमध्ये बसेल असा फेरा आखा. होडीवर अवलंबून असाल, तर शेवटची होडी कधी सुटते ते आधी विचारून ठेवा. एखाद्या साकवाची खात्री नसेल, तर पहिल्यांदा फेरा करूच नका. गेलात त्याच वाटेने परत या. उपग्रहाचं चित्र बघताना ते कोणत्या ऋतूतलं आहे याचाही विचार करा. उन्हाळ्यात टिपलेली पायवाट पावसाळ्यानंतर पाण्याखाली असू शकते.

दिसतंय म्हणजे आलंच, असं समजणं

मोकळ्या सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसतं. उंच गोष्टी त्याच्याही पलीकडून दिसतात. तीस मीटर उंचीच्या मनोऱ्याचं टोक, हवा स्वच्छ असेल आणि मध्ये काही आडवं नसेल, तर वीस किलोमीटरहून जास्त अंतरावरून दिसू शकतं. त्यामुळे "तो बघ पूल" म्हणून पेस वाढवला जातो आणि अर्ध्या तासानंतरही पूल तेवढाच लांब वाटतो. शरीराआधी मन थकतं. लांबच्या खुणेकडे बघूच नका. पुढचं झाड, पुढचा खांब, बांधाचं पुढचं वळण असे छोटे टप्पे धरा.

वारा पाठीवर घेऊन निघणं

पाठीवर वारा असताना सुरुवात फार सुखाची होते, आणि परतीच्या वाटेवर त्याची वसुली होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी 12 किलोमीटरने धावताय आणि समोरून वाराही तेवढाच आहे असं समजा. हवा तुमच्यावर ताशी 24 ने आदळते, म्हणजे विरोध चौपट. तोच वारा पाठीवर असेल, तर विरोध शून्य. वारा नसतानाचा विरोध एक धरला, तर पाठीवरचा वारा तुमचा एक वाचवतो आणि समोरचा तीन जास्त घेतो. जाता-येता हिशेब बरोबरीत सुटत नाही.

म्हणून ताजेतवाने असताना वाऱ्याला सामोरे जा आणि थकल्यावर त्याला पाठीवर घ्या. घामाने भिजलेल्या अंगावर समोरून गार वारा झेलण्याची वेळही मग येत नाही. फक्त निघतानाचा वारा बघून भागत नाही, कारण दिवस तापू लागला की वारा सहसा वाढतो. समुद्र जवळ असेल, तर उशिरा सकाळी समुद्राकडून वारा सुटतो आणि त्याची दिशा पहाटेच्या वाऱ्यापेक्षा वेगळी असू शकते. तासावारी अंदाज बघा. समोरून वारा असताना घड्याळातल्या पेसचा हट्ट सोडा आणि श्वासावर धावा. सोबत कुणी असेल, तर आळीपाळीने एकमेकांच्या मागे धावा; मागच्याला खरंच फरक जाणवतो.

गेल्या रविवारच्या वाटेवर विश्वास ठेवणं

खाडी किंवा नदीच्या मुखाजवळ धावणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. जिथे दिवसातून दोनदा भरती येते, तिथे तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे गेल्या रविवारी सकाळी सातला ज्या वाटेवर पूर्ण ओहोटी होती, तिथे या रविवारी सातला भरती असणार. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी एरवीपेक्षा वर चढतं. आणि वेळापत्रक बंदराचं असेल, तर खाडीत आत भरती त्यानंतर पोचते हेही लक्षात ठेवा. वेळापत्रक न बघता खाडीकाठच्या सखल वाटेवर उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नदीचं पाणी वेगळ्या पद्धतीने फसवतं. पाऊस वरच्या भागात पडतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं, आणि पूर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. वर धरण असेल, तर विसर्गाची सूचना बघूनच निघा. वाट पाण्याखाली गेलेली दिसली तर वळा. वेगाने वाहणारं 15 सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं, आणि गढूळ पाण्याखाली वाट शिल्लक आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही.

पायाखालचं न बघणं

बांधाचा माथा मधे उंच आणि कडेला उतरता असतो. सतत एकाच कडेने धावलात, तर एक पाय कायम खाली पडतो, आणि घोटा, गुडघ्याची बाहेरची बाजू, कंबर यांवर एकाच बाजूने ताण येतो. मधोमध धावा. ते जमत नसेल, तर थोड्या थोड्या वेळाने कड बदला. ज्याच्या एकाच गुडघ्याला दर लाँग रननंतर दुखतं, त्याने बूट बदलण्याआधी आपण कुठल्या कडेने धावतो ते आठवून बघावं.

ओली चिकणमाती तळव्याला थरावर थर चिकटते. शंभर पावलांत बूट जड होतो, ग्रिपच्या खाचा भरून जातात आणि तळ गुळगुळीत होतो. गवताच्या कडेवर बूट घासून ती काढा आणि तेवढा पट्टा चाला. पाणथळ भागातले लाकडी फळ्यांचे मार्ग त्याहून धोक्याचे. सावलीतल्या फळीवर शेवाळाचा पातळ थर असतो, तो वरून नुसता ओला दिसतो. तिथे पाऊल छोटं, सपाट आणि शरीराच्या खाली पडू द्या. फळीवर वळण आलं तर वेगात वळू नका, आधी वेग कमी करा.

सपाट रस्त्यावर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं, त्यामुळे पोटरी आणि नडगीवर तोच ताण हजारो वेळा येतो. चढ-उतार आपोआप स्नायू बदलतात, इथे तो बदल तुम्हाला करावा लागतो. मधूनमधून मिनिटभर वेग बदला, थोडं गवतावरून धावा. डोंगरातून सपाटीवर आलेल्यांनी अंतर हळूहळूच वाढवावं.

उघड्यावर आहोत हे विसरणं

सावली नसते आणि दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पाणी जवळ ठेवा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्रीनंतर पहाटे नदीवर धुकं साचतं, तेव्हा बांधावरून गाड्या जात असतील तर उजळ कपडे आणि दिवा हवाच. गडगडाट ऐकू आला की परत फिरा. सपाट मैदानात सर्वात उंच तुम्हीच असता, आणि एकट्या झाडाखाली थांबणं त्याहून वाईट. पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पक्ष्यांच्या घरातून शॉर्टकट काढणं

पाणथळ जमिनी वाचवण्यासाठीचा रामसर करार 1971 मध्ये झाला, तो आधी पाणपक्ष्यांच्या काळजीतून. यातले अनेक पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे उघड्यावरचा उथळ खळगा, अंडी मातीच्या रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर घरटं जवळ आहे. थांबून फोटो काढू नका, वाटेवरूनच पुढे निघा. विणीच्या काळात वाट बंद असेल, तर दुसरी वाट धरा. कुत्रा सोबत असेल, तर पट्टा हातात हवा.

वॉटरप्रूफ बुटांवर भिस्त ठेवणं

घोट्यापर्यंत पाण्यात पाय गेला की पाणी वरून आत येतं, आणि वॉटरप्रूफ बुटातून ते बाहेर पडत नाही. जाळीचा, पाणी लगेच सोडणारा बूट आणि सुती नसलेले मोजे इथे चांगले.

पायावर जखम किंवा फुटलेला फोड असेल, तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. परतल्यावर पाय साबणाने धुवा, कोरडे करा, आणि उंच गवतातून गेला असाल तर गुडघ्यामागे व जांघेत गोचीड नाही ना ते बघा. लेप्टोची लक्षणं साधारण 5 ते 14 दिवसांनी, कधी महिनाभरानेही दिसतात, त्यामुळे तोवर ते धावणं विसरलेलं असतं. ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्यांत जोराचं दुखणं सुरू झालं, तर पोटऱ्या धावण्यानेच दुखतात असं गृहीत धरू नका. डॉक्टरांकडे जा, आणि आपण पाण्यातून धावलो होतो हे त्यांनी विचारण्याआधी सांगा.