बाजारपेठेसाठी तात्पुरती सार्वजनिक कला : स्थानिक कलावंतांना काम कसे द्यावे

शहराच्या जुन्या बाजारपेठेत दोन-तीन महिन्यांसाठी शिल्पे, मांडणीशिल्पे किंवा भित्तिचित्रे उभी करावीत आणि ती त्याच शहरातील कलावंतांकडून करून घ्यावीत, अशी इच्छा अनेक व्यापारी संघटना, नगरपालिका आणि नागरिकांच्या समित्या व्यक्त करतात. मुंबईत १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवामुळे रस्त्यावरची तात्पुरती कला म्हणजे काय, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक झाले आहे. परंतु महानगरातील महोत्सवाची प्रतिकृती छोट्या शहरात उभी करण्यात फारसे हशील नाही. प्रत्येक शहराची माणसे, रस्ते, ऋतू आणि सण वेगळे असतात आणि कामाची आखणी त्यांच्यावरच बेतावी लागते. म्हणून येथे कोल्हापूरची जुनी पेठ, म्हणजे महाद्वार रोड, भवानी मंडप, शिवाजी चौक, पापाची तिकटी आणि बिंदू चौक हा परिसर, डोळ्यांसमोर ठेवून सर्व टप्पे मांडले आहेत. आपल्या शहराला लागू पडेल तेवढे त्यातून घ्यावे.

पहिला निर्णय काळाचा करावा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर मोठा पाऊस असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी पेठेत कोणी रेंगाळत नाही, त्यामुळे नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. मात्र नोव्हेंबरमध्ये काम उभे राहायचे असेल, तर तयारी जूनमध्येच सुरू करावी लागते. याचे कारण कारागिरांच्या वेळापत्रकात आहे. शाहूपुरी, गंगावेश आणि बापट कॅम्प येथील कुंभार गणेशोत्सवापूर्वीचे काही महिने मूर्तींच्या कामात पूर्ण गुंतलेले असतात, आणि मंडप ठेकेदार, वेल्डर व विद्युत रोषणाईची माणसे गणेशोत्सव ते नवरात्र या काळात दुसरे काम हाती घेत नाहीत. त्यामुळे कलावंतांना आवाहन जूनमध्ये करावे, निवड व कच्चे आराखडे ऑगस्टपर्यंत संपवावेत, करारावर गणेशोत्सवाआधी सह्या व्हाव्यात आणि प्रत्यक्ष बांधणी दसऱ्यानंतर सुरू व्हावी. हा क्रम पाळला, तर उत्तम हात रास्त दरात मिळतात. तो मोडला, तर मिळेल त्या माणसाकडून घाईने काम उरकावे लागते आणि ते कामात दिसते.

जागांची निवड नकाशावर करू नये. सकाळी माल उतरताना, संध्याकाळी गर्दीच्या वेळी आणि रात्री दुकाने बंद झाल्यावर अशा तिन्ही वेळी परिसर पायी फिरून पाहावा. पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच मोकळी वाट राहिलीच पाहिजे, आणि वाहनांच्या रस्त्यावरून काही टांगायचे असेल तर खाली ५.५ मीटर उंची सोडावी. अग्निशामक बंब व रुग्णवाहिका कोठून वळतात, महावितरणच्या तारा किती अंतरावर आहेत, दुकानाचे शटर उघडल्यावर किती जागा उरते, पथारीवाले कोठे बसतात, या सर्वांची नोंद करावी. पथारीवाल्यांना उठवून तेथे कलाकृती ठेवणे सर्वस्वी अनुचित आहे. ज्या बाजारासाठी हा खटाटोप करायचा, त्याच बाजारातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या पोटावर त्यामुळे पाय येतो.

स्थानिक माहिती किती निर्णायक ठरते, याचे महाद्वार रोड हे फार चांगले उदाहरण आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या प्रारंभी अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरून देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात, आणि त्यांच्या वाटेत येणाऱ्या इमारती व अन्य अडथळ्यांचा प्रश्न शहरात वर्षानुवर्षे चर्चेत आहे. अशा रस्त्यावर कापडी छत किंवा उंच कमान टांगण्याची कल्पना कागदावर कितीही देखणी वाटली, तरी ती त्या काळात उभी राहता कामा नये. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीचा मार्ग, पालख्यांचे मार्ग, जोतिबाला जाणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ यांचाही असाच आधी विचार करावा. हे बाहेरच्या सल्लागाराला सुचणार नाही, परंतु कोपऱ्यावरच्या फुलवाल्याला ते पाठ असते. म्हणून जागा निश्चित करण्यापूर्वी त्याच्याशी बोलावे.

परवानग्या मागताना जमिनीचा व भिंतीचा मालक कोण, हा प्रश्न प्रथम सोडवावा. रस्ता व चौक यांसाठी महानगरपालिकेची आणि वाहतुकीवर परिणाम होणार असल्यास वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी लागते. खासगी भिंतीवर रंगकाम करायचे असेल, तर मालकाची संमती कागदावर घ्यावी आणि महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, १९९५ लक्षात घेऊन महापालिकेचीही लेखी परवानगी घ्यावी. वारसा यादीतील वास्तूंच्या दगडी भिंतींना रंग लावण्याचा विचारही करू नये. त्यांच्यासमोर स्वतंत्रपणे उभे राहणारे काम करावे. महापुरुषांचे पुतळे उभारण्याचे शासकीय नियम वेगळे व कडक आहेत, त्यामुळे तात्पुरत्या उपक्रमात तो विषय घेऊ नये, हे बरे. रस्ता खोदून खांब रोवण्याऐवजी वजनदार पायावर कलाकृती बसवावी, म्हणजे परवानगीही लवकर मिळते आणि काम उतरवल्यावर खड्डे उरत नाहीत.

कलावंतांच्या निवडीत ‘स्थानिक’ या शब्दाची व्याप्ती आधीच ठरवावी. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांमधून शिकलेले चित्रकार व शिल्पकार आहेत, आणि आबालाल रहिमान व बाबुराव पेंटर या चित्रकारांची परंपरा सांगणारे हे शहर आहे. परंतु कुंभार, फलक रंगवणारे पेंटर, रांगोळीकार, चपला शिवणारे कारागीर आणि मंडळांचे देखावे उभारणारे तरुण हेही या शहराचे कलावंतच आहेत. काही दिवसांसाठी भव्य रचना उभी करायची आणि नंतर ती सुरक्षित उतरवायची, हे कौशल्य देखावे करणाऱ्यांकडे पिढ्यानपिढ्या आहे. पुष्कळदा कलामहाविद्यालयातून आलेल्या तरुणाला त्याची ओळखही नसते. दोघांची जोडी जमवता आली, तर काम विशेष चांगले होते, आणि आवाहनात तशी सोय मुद्दाम ठेवावी.

आवाहन मराठीत आणि दोन पानांच्या आत असावे. त्यात जागांची छायाचित्रे व मापे, काम किती दिवस उभे राहणार, प्रत्येक कामासाठीची एकूण रक्कम, निवडीचे निकष आणि निवड समितीतील सदस्यांची नावे स्पष्ट द्यावीत. अर्ज मोबाईलवरून किंवा हाताने लिहून देण्याची मुभा ठेवावी, कारण ज्याच्याकडे संगणकावर तयार केलेली कामांची संचिका नाही, त्याच्या हातात कला नाही असे होत नाही. या टप्प्यावर कोणाकडूनही तपशीलवार आराखडा मागू नये. आधीच्या कामांची पाच-सहा छायाचित्रे आणि कल्पना सांगणारा एक परिच्छेद पुरे. त्यातून चार-पाच जागांसाठी दहा-बारा कलावंत निवडावेत आणि त्यांना आराखडा करण्यासाठी स्वतंत्र मानधन द्यावे, मग त्यांचे काम शेवटी निवडले जावो अथवा न जावो. फुकट आराखडे मागवून त्यांतला एक उचलण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. ती अन्यायाची आहे आणि तिच्यामुळे अनुभवी कलावंत अर्जच करीत नाहीत.

निवड समितीत किमान दोन कलावंत, बाजारपेठेतील दोन व्यापारी, एक स्ट्रक्चरल इंजिनियर आणि परिसरात राहणारी एक-दोन माणसे असावीत. समितीतील कोणाच्या नात्यातील वा संस्थेतील अर्जदार असेल, तर त्या सदस्याने त्या चर्चेतून बाहेर राहावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. विषय द्यायचाच असेल तर तो सैल असावा. ‘पाणी’, ‘पेठ’, ‘हात’ एवढे पुरेसे आहे. कोणता रंग वापरावा, घोडा असावा की पैलवान, हे समितीने सांगू लागले की कलावंत केवळ मजूर ठरतो. आराखडा मंजूर झाल्यावर सुरक्षिततेखेरीज अन्य कारणासाठी बदल सुचवायचे नाहीत, हे समितीने स्वतःवर बंधन म्हणून घालून घ्यावे.

खर्चाचे अंदाजपत्रक करताना सर्वांत मोठी उणीव सहसा दोन ठिकाणी राहते : कलावंताच्या श्रमाचे मोल आणि काम उतरवण्याचा खर्च. नमुन्यादाखल, पाच कामांसाठी १० लाख रुपये हाती असतील, तर ३ लाख कलावंतांचे मानधन व आराखड्यांचे शुल्क, साडेतीन लाख साहित्य व बांधणी, १ लाख वाहतूक व उभारणी, १ लाख वीज, रात्रीची राखण व विमा, ५० हजार उतरवणे व जागा पूर्ववत करणे, आणि १ लाख आकस्मिक खर्च, अशी विभागणी ठेवता येईल. मानधन आणि साहित्याची रक्कम एकत्र देऊ नये. लोखंडाचा भाव वाढला की कलावंत तो फरक स्वतःच्या मानधनातून भरतो आणि शेवटी त्याच्या हाती काही उरत नाही. निधीसाठी स्थानिक कारखान्यांकडे जाता येते, कारण कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीच्या संवर्धनाचा सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांत समावेश आहे. मात्र देणगीदाराचे नाव माहितीफलकावरच राहील, कलाकृतीवर वा तिच्याशेजारी जाहिरातीचा फलक लागणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगावे.

करारनामा हा या सगळ्याचा कणा आहे. त्यात कामाचे वर्णन, मापे, साहित्य, उभारणीची व उतरवण्याची तारीख, हप्ते, विमा, देखभाल आणि नुकसान झाल्यास दुरुस्ती कोणी करायची, हे सर्व असावे. हप्ते सहीच्या वेळी ३० टक्के, बांधणी निम्मी झाल्यावर ४० टक्के, उभारणीनंतर २० टक्के आणि उतरवल्यानंतर १० टक्के असे ठेवल्यास दोन्ही बाजूंना आधार राहतो. स्वामित्वहक्काचे (कॉपीराइटचे) कलम मात्र वकिलाकडून तपासून घ्यावे, कारण येथे कायदा सर्वसाधारण समजुतीपेक्षा वेगळा आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला स्वामित्वहक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. शिल्पाचा या तरतुदीत उल्लेख नाही, आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या शिल्पकाराकडे तो हक्क राहतो. म्हणजे करारात काहीच लिहिले नाही, तर एकाच चौकातील भित्तिचित्र आणि शिल्प यांचे हक्क वेगवेगळ्या हातांत राहतील. दोन्ही बाबतींत हक्क कलावंताकडेच राहतील आणि समितीला प्रसिद्धीसाठी छायाचित्रे वापरण्याची परवानगी असेल, असे लिहिणे न्याय्य आहे.

छायाचित्रांविषयी आणखी एक बारकावा आहे. सार्वजनिक जागी असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्याची त्याच अधिनियमाच्या कलम ५२ मधील मोकळीक तेथे कायमस्वरूपी असलेल्या कामांपुरती आहे. तात्पुरते काम तिच्या आधाराने दिनदर्शिकेवर किंवा जाहिरातीत छापता येत नाही आणि भित्तिचित्र तर त्या तरतुदीत बसतच नाही. दुकानदारांना हे आधीच समजावून द्यावे.

कलम ५७ प्रमाणे हक्क हस्तांतरित झाले तरी कलाकृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा कलावंताचा अधिकार कायम राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य ब्राँझ शिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून टाकले व त्याची हानी झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणून काम कोणत्या तारखेला, कोणाच्या देखरेखीखाली आणि कशा रीतीने उतरवायचे याला कलावंताची लेखी संमती करारातच घ्यावी, आणि उतरवलेले काम वा साहित्य परत नेण्याचा पहिला हक्क त्यालाच द्यावा.

साहित्य निवडताना उपक्रम संपल्यावर ते कोठे जाणार याचा विचार करावा. राज्यात २०१८ पासून सजावटीसाठी थर्माकोलवर बंदी आहे. बांबू, काथ्या, गोणपाट, भाजलेली माती, बोल्टने जोडलेले लोखंडी पाइप यांची कामे सुटी करून पुन्हा वापरता येतात. मुले चढणार आणि माणसे टेकणार, असे गृहीत धरूनच मजबुती ठरवावी. माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या प्रत्येक कामासाठी स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी दाखला घ्यावा आणि वाऱ्याचा भार त्यात धरलेला आहे याची खात्री करावी. विजेचे काम असल्यास तात्पुरती अधिकृत जोडणीच घ्यावी. शेजारच्या दुकानातून वायर ओढू नये.

उभारणी रात्री दुकाने बंद झाल्यावर करावी आणि पेठेला आठवडाभर आधी कळवावे. प्रत्येक कामाजवळ मराठी फलकावर कलावंताचे व साहाय्यक कारागिरांचे नाव, साहित्य आणि काम कधीपर्यंत राहणार ती तारीख असावी. आठवड्यातून एकदा ठरलेल्या माणसाने बोल्ट, कडा, वायरी तपासून वहीत नोंद करावी. कोणी आक्षेप घेतल्यास त्याला उत्तर देणारी एकच व्यक्ती नेमावी, आणि कलावंताशी बोलल्याशिवाय कोणतेही काम झाकू किंवा हलवू नये.

ठरलेल्या तारखेला काम उतरवावेच. लोकांना आवडले म्हणून ते आणखी महिनाभर राहू देण्याचा मोह होतो, परंतु साहित्य तेवढ्या काळासाठी निवडलेले नसते, विम्याची मुदत संपलेली असते आणि पुढच्या वर्षी परवानगी देणारा अधिकारी हेच लक्षात ठेवतो. उतरवल्यानंतर महापालिकेच्या विभागीय कार्यालयातील अभियंत्यासह जागेची संयुक्त पाहणी करावी, आधीची व नंतरची छायाचित्रे जोडून अहवालावर सह्या घ्याव्यात, परवानगीसाठी अनामत रक्कम भरली असल्यास ती परत मागावी आणि त्याच आठवड्यात कलावंतांचा शेवटचा हप्ता चुकता करावा.