नर्सिंग कॉलेज निवडण्याआधी तिथली लेबर रूम बघा

मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, प्रवेश घेतला तेव्हा एकच गोष्ट पाहिली होती, कॉलेज घरापासून किती लांब आहे. संलग्न हॉस्पिटलात आठवड्याला जेमतेम दोन-तीन बाळंतपणं व्हायची आणि आम्ही मुली चाळीस. शेवटचं वर्ष आलं तरी माझं केसबुक, म्हणजे हाताखालून गेलेल्या बाळंतपणांची नोंदवही, रिकामंच. मग एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पोस्टिंग मिळालं, तिथल्या नाईट ड्युट्यांनी मला शिकवलं. म्हणून ज्यांना बाळंतपणाच्याच कामात यायचंय त्यांना माझं पहिलं सांगणं हे, की इमारत आणि हॉस्टेल नंतर बघा, आधी लेबर रूम बघा.

सुरुवातीलाच घेता येईल असा लेबर रूमचा वेगळा कोर्स आपल्याकडे नाही. एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसविका) दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. मिडवायफरी, म्हणजे बाळंतपण करण्याचं काम, या शिक्षणातच येते. बीएस्सीला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवं. जीएनएमला कला शाखेची मुलगीही येऊ शकते आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करू शकते. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करायची. ती झाल्याशिवाय नोकरीचा विचारही करू नका. ज्यांना याच कामात मुरायचंय त्यांच्यासाठी केंद्र सरकारने 2018 साली मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात नोंदणीकृत नर्ससाठी 18 महिन्यांचं खास प्रशिक्षण आहे.

आता त्या नाईट ड्युट्यांमधल्या एका रात्रीबद्दल. पहिलटकरीण होती, पहाटे तीनचा सुमार. इनचार्ज सिस्टरनी माझा हात तिच्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "बोलू नकोस, घड्याळ बघ." हाताखाली गर्भाशय हळूहळू कडक होत गेलं, तसंच राहिलं, मग सैल पडलं. दहा मिनिटांत तीन कळा, शेवटची 45 सेकंदांची. कळ ओसरली की बाळाचे ठोके ऐकायचे, मिनिटाला 110 ते 160 च्या आत आहेत ना ते बघायचं आणि दर अर्ध्या तासाने पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणाऱ्या तक्त्यावर, मांडायचं. पुस्तकात हे मी दहा वेळा वाचलं होतं. पण कळ येतेय हे तिच्या तोंडून निघायच्या आत आपल्या हाताला कळतं, ते त्या रात्री पहिल्यांदा समजलं. तिने माझं मनगट धरलं होतं. "ताई, जाऊ नका ना." मी गेले नाही. सोबत बसणं हासुद्धा या कामाचाच भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा.

बाळ रडलं की नवख्या मुलींना वाटतं, झालं. खरी जोखीम तिथून सुरू होते. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात आईला गर्भाशय आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन. वार पडली की ती पसरून बघायची, एखादा तुकडा आत राहिला नाही ना. मग दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात: गर्भाशय नारळासारखं घट्ट लागलं तर ठीक, मऊ लागलं तर लगेच चोळायचं आणि हाक मारायची. रक्तस्राव 500 मिलीच्या वर गेला की धोका समजायचा, आणि पॅड व चादरीवर सांडलेलं रक्त नजरेला नेहमी कमीच वाटतं. बाळंतिणीला कपडे बदलून वॉर्डात पाठवायची घाई मी कधीच करत नाही.

तर प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विचारा: महिन्याला किती नॉर्मल डिलिव्हरी होतात? त्यातल्या विद्यार्थिनींच्या हातून किती? नाईटला शिकवणारी सिस्टर सोबत असते का? शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून त्यांचं केसबुक दाखवायला सांगा. तेवढंही जमलं नाही तर सकाळी दहाला हॉस्पिटलच्या ओपीडीत जाऊन गरोदर बायकांची रांग केवढी आहे ते तरी बघून या.