अंगावर पाजत बाळाला झोपवताना

पिता पिता बाळ झोपलं की 'सवय लागेल हं' असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. पहिल्या काही महिन्यांत लागू दे खुशाल. चोखण्याने बाळ शांत होतं, पोट भरलं की गुंगी येते, शिवाय रात्रीच्या दुधात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक असतं. पाहायचं ते एवढंच, की बाळ पोट भरून झोपलंय की नुसतं दमून.

लंगोट आधीच बदला, दिवा मंद करा. कुशीवर पाजणार असाल तर उशी फक्त आईच्या डोक्याखाली. बाळही कुशीवर, पोटाला पोट, नाक स्तनाग्रासमोर. तोंड मोठं उघडलं की त्याला पाठीकडून जवळ घ्या. डोकं दाबू नका. हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. दुखतच राहिलं तर पकड चुकली. ओढून काढू नका, करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा आणि पुन्हा लावा.

पान्हा फुटला की एक-दोन चोखण्यांमागे घोट ऐकू येतो. घोट थांबून ओठ नुसते थरथरू लागले, तर स्तन हाताने हलका दाबून धरा, दुपटं सैल करा, तळवे चोळा. मग दुसरी बाजू. नवजात बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. जन्मानंतर घटलेलं वजन भरून येईपर्यंत तीन तासांहून जास्त झोपू देऊ नका, उठवून पाजा. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा वेळा शू झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

मुठी सैल पडल्या, हात उचलून सोडला की धपकन पडला, म्हणजे गाढ झोप. त्याआधी ठेवलं की दचकून उठतं. ढेकरासाठी थोडा वेळ खांद्यावर धरा, नाही आली तर राहू द्या. आधी ढुंगण, मग डोकं, असं उताणंच ठेवा, कडक सपाट गादीवर. राईची उशी आणि जाड गोधडी नको. झोळीत पाठ वाकून हनुवटी छातीला टेकते, म्हणून तान्ह्याला त्यात रात्रभर ठेवू नका. सोफ्यावर पाजताना डुलकी लागणं सगळ्यात धोक्याचं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा आईबाबांपैकी कुणी बिडी-सिगारेट, दारू, झोपेचं औषध घेत असेल, तर पाजून झाल्यावर वेगळ्या गादीवर, पण त्याच खोलीत.

पुढे सवय मोडायची झाल्यास चोखणं मंदावताच, झोप लागायच्या आधी सोडवा. शोधू लागलं तर पुन्हा द्या, पुन्हा सोडवा. काही रात्री रडारड होईल. आजारपणात किंवा प्रवासात हे सुरू करू नका.