बूट कोणी दिले?

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळा होता आणि मी विदर्भाच्या टी-ट्वेंटी संघात पंधरावा होतो. म्हणजे पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या, हातमोजे न्यायचे, नेटमध्ये फलंदाजांना चेंडू टाकायचे. नागपूरच्या गुझदर लीगचे दोन हंगाम चांगले गेले होते, त्यावर निवड झाली होती. घरच्यांना वाटत होतं, पोरगा लागला मार्गाला.

रेशीमबागेजवळच्या आमच्या मोहल्ल्यात एक दादा होता, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. टेनिस बॉलच्या स्पर्धांना चेंडू, टी-शर्ट, बक्षिसाचा कप, सगळं तोच आणायचा. निवडीची बातमी कळली त्या संध्याकाळी तो घरी आला, आईच्या हातचा चहा प्यायला आणि नव्या स्पाइक्सचं खोकं माझ्या मांडीवर ठेवलं. "घे बे. आता काय फाटक्या बुटानं खेळशील काय?" बाबांनी त्याचे दोनदा आभार मानले. ते बूट मला स्वतःला घेणं तेव्हा शक्य नव्हतं.

मग फोन सुरू झाले. पहिल्या दिवशी, "विकेट कशी वाटून राहिली? गवत ठेवलं का?" मी सांगितलं. दोन दिवसांनी, "तुमच्या ओपनरच्या बोटाला लागलं म्हणतात, खेळतो का तो?" तेही सांगितलं, कारण आमच्यात क्रिकेटच्याच गप्पा व्हायच्या. तिसऱ्यांदा रात्री अकराला व्हॉइस नोट आली: "नवीन चेंडू कोण टाकणार तेवढं सांगून दे. पहिल्या सहा ओव्हरची लाइन निघून राहिली."

'लाइन' हा शब्द ऐकला आणि माझ्या हातापायातलं बळ गेलं. नागपुरात वाढलेल्या पोराला हे शब्द कोणी शिकवावे लागत नाहीत. लगवाडी म्हणजे पैसा लावणं, खायवाडी म्हणजे बुकीनं तो सौदा घेणं. ठरावीक ओव्हरमध्ये किती धावा होतील यावर लागतो तो सेशन आणि त्या धावांचा बुकीनं काढलेला आकडा ती लाइन. आता त्यात 'आयडी' हा नवा शब्द आला, म्हणजे सट्ट्याच्या वेबसाइटवरचं खातं. आयपीएल सुरू झाली की गुन्हे शाखेच्या धाडींच्या बातम्यांत हेच शब्द आपण वाचतो. फक्त ते आपल्याला उद्देशून कधी येतील असं वाटत नाही.

नव्यानं संघात येणाऱ्या मुलामुलींना मला सांगायचंय ते इथून सुरू होतं. सट्ट्याचा माणूस बॅग भरून नोटा घेऊन येईल असं चित्र डोक्यात असेल, तर तो समोर बसलेला असूनही ओळखू येणार नाही. माझ्याकडे तो चहा प्यायला आला होता. आणि मी अकरांत नव्हतो म्हणून सुरक्षित होतो, हा माझा दुसरा गैरसमज. मैदानावर माझी गरजच नव्हती. संघाच्या बैठकीत मी बसत होतो, तेवढं त्याला पुरेसं होतं. बदली खेळाडू, मसाज करणारे, थ्रोडाउन देणारे, व्हिडिओ अॅनालिस्ट, सगळ्यांजवळ ही माहिती असते आणि त्यांना मिळणारा पैसा कमी असतो.

बीसीसीआयची भ्रष्टाचारविरोधी संहिता आहे आणि तिचा साचा आयसीसीच्या संहितेसारखाच आहे. संघात आल्यावर सही घेतात, एक व्याख्यान होतं, पडद्यावर इंग्रजी स्लाइड्स सरकत जातात. मी त्या व्याख्यानात मागच्या रांगेत होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या फिटनेस टेस्टचा विचार करत होतो. म्हणून आपल्या भाषेत सांगतो.

सामना किंवा त्याचा एखादा भाग आधी ठरवून खेळणं हा सर्वांत मोठा गुन्हा, आजन्म बंदीपर्यंत शिक्षा. यावर कुणाचा गोंधळ नसतो. गोंधळ पुढच्या तिघांत होतो: क्रिकेटवर पैसे लावणं, आतली माहिती देणं आणि आलेली विचारणा न कळवणं.

पैसे लावण्याचं आधी. आपल्या सामन्यावर लावायचे नाहीत हे सगळ्यांना कळतं. पण बंदी कुठल्याही क्रिकेट सामन्यावर लावण्याला आहे, मग तो ऑस्ट्रेलियातल्या लीगचा का असेना. स्वतःच्या नावानं न लावता मित्राच्या आयडीवरून लावले तरी तेच. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ब्रायडन कार्स याचं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो. २०१७ ते २०१९ या काळात त्यानं क्रिकेटवर ३०३ वेळा पैसे लावले होते, आणि त्यातला एकही सामना तो स्वतः खेळत असलेला नव्हता. २०२४ मध्ये त्याला सोळा महिन्यांची बंदी झाली. त्यातले तेरा महिने निलंबित ठेवले, म्हणजे तीन महिने प्रत्यक्ष भोगावे लागले. बावीस-चोवीसच्या वयात केलेली गोष्ट पाच-सात वर्षांनी, देशासाठी खेळायला लागल्यावर समोर येऊन उभी राहिली. मोबाइलवरचा सौदा कुठेतरी नोंदलेला राहतो.

दुसऱ्या खेळांतही हेच चाललंय. इंग्लिश फुटबॉलमध्ये इव्हान टोनीला २०२३ मध्ये २३२ नियमभंगांसाठी आठ महिने, त्याच वर्षी इटलीच्या सान्द्रो तोनालीला दहा महिने. अमेरिकन फुटबॉलच्या कॅल्विन रिडलीनं साधारण दीड हजार डॉलर लावले होते आणि २०२२ चा अख्खा हंगाम घालवला. बास्केटबॉलच्या जॉन्टे पोर्टरवर २०२४ मध्ये आजन्म बंदी. कबड्डी, फुटबॉल, बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी आपापल्या महासंघाचा नियम मागून घ्यावा आणि वाचावा. मी फक्त क्रिकेटचंच खात्रीनं बोलू शकतो.

पैसे लावून खेळायच्या फँटसी अॅपचं पोरं फार विचारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्याचा रोख चालवणाऱ्यांवर आणि जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही, असं कोणी ना कोणी लगेच सांगतो. पण देशाचा कायदा आणि खेळाची संहिता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपात अडकलेला वेगवान गोलंदाज श्रीशांत, त्याला २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं आरोपमुक्त केलं, तरी बोर्डाची बंदी उठली नाही. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या एका क्लबकडून खेळायला त्याला ना-हरकत प्रमाणपत्रही मिळालं नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं, आजन्म बंदीची सात वर्षं झाली आणि ती सप्टेंबर २०२० मध्ये संपली. तोपर्यंत तो सदतीस वर्षांचा झाला होता. वेगवान गोलंदाजाचं वय बंदीच्या काळात थांबत नाही.

आतली माहिती म्हणजे तुम्ही संघात आहात म्हणून तुम्हाला कळलेलं आणि बाहेर अजून न फुटलेलं काहीही: कोण खेळणार, कुणाला दुखापत आहे, नाणेफेक जिंकली तर काय करणार. आईला "उद्या खेळतोय" म्हणणं हा गुन्हा नाही. ही माहिती सट्ट्यासाठी वापरली जाऊ शकते हे तुम्हाला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, असा तिथे प्रश्न असतो. 'माहीत असायला हवं होतं' हे शब्द लक्षात ठेवा. दादानं बोटाची चौकशी केली तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण ते मला ठाऊक असायला हवं होतं, हेही तितकंच खरं आहे.

आपल्या शहराशी जोडलेलं प्रकरणही याच जातीचं. २१ जानेवारी २००७ ला भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना इथे झाला, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर. जामठ्याचं स्टेडियम तेव्हा व्हायचं होतं. त्या सामन्याआधी वेस्ट इंडीजचा फलंदाज मार्लन सॅम्युअल्स आणि एका कथित बुकीचं फोनवरचं बोलणं नागपूर पोलिसांनी टेप केलं. सॅम्युअल्स आपण निर्दोष असल्याचं सांगत राहिला, पण मे २००८ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. परत येऊन त्यानं २०१२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ७८ धावा केल्या, कप जिंकून दिला. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी, या वेळी सहा वर्षांची. अबुधाबीच्या टी-टेन लीगच्या वेळी मिळालेला पाहुणचार आणि लाभ त्यानं कळवला नव्हता. तो पाहुणचार ७५० डॉलरच्या वरचा होता, म्हणजे साठ-सत्तर हजार रुपयांचा विषय. भेटवस्तूही कळवावी लागते, हे मला माझ्या बुटांच्या वेळी माहीत असतं तर!

आता न कळवण्याबद्दल. सगळ्यात जास्त खेळाडू इथे अडकतात असं माझं मत आहे, कारण इथे काही करावं लागत नाही, नुसतं गप्प बसलं की झालं. बांगलादेशच्या शाकिब अल हसननं सामना विकला नाही, पैसे घेतले नाहीत. २०१८ मध्ये त्याला तीन वेळा विचारणा झाली आणि त्यानं ती कळवली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन वर्षांची बंदी, त्यातलं एक वर्ष निलंबित. झिम्बाब्वेच्या ब्रेंडन टेलरनं कळवलं, पण चार महिन्यांनी, आणि तोवर त्यानं पंधरा हजार डॉलर घेतलेले होते. त्याला साडेतीन वर्षं. श्रीलंकेच्या सनथ जयसूर्याला २०१९ मध्ये दोन वर्षं कशासाठी, तर चौकशीला सहकार्य केलं नाही म्हणून. मेसेज पुसणं, फोन न देणं, सिम लपवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मूळ आरोप सिद्ध झाला नाही तरी हा उरतो.

व्हॉइस नोट ऐकल्यावर मी तीन दिवस गप्प राहिलो. खोलीतल्या जोडीदाराला सांगितलं, तो म्हणाला, "डिलीट मार, नंबर ब्लॉक कर, विषय संपला." त्यानं ते माझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं. मी बोट ठेवलंही होतं त्या मेसेजवर. पुसला नाही, कारण दादाचा शेवटचा मेसेज पुसायला जीव होईना. चौथ्या दिवशी सरावानंतर मॅनेजरसरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्यांनी माझ्यादेखत फोन लावला.

संध्याकाळी हॉटेलवर भ्रष्टाचारविरोधी विभागाचे एक अधिकारी आले. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चहा मागवला, व्हॉइस नोट दोनदा ऐकली, मग माझ्या पायांकडे पाहिलं. मी सरावावरून थेट आलो होतो. "बूट कोणी दिले?"

मी बुटांचं सांगितलंच नव्हतं. लपवलं नव्हतं, पण ते या गोष्टीत येतात हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन तास जबाब चालला. कुठल्या तारखेला फोन आला, काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, शब्दाला शब्द. शेवटी त्यांनी बूट काढून घेतले आणि पोच लिहून दिली: 'स्पाइक्स, पांढरे, नऊ नंबर, वापरलेले, एक जोड.' तो कागद अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी मी जोडीदाराच्या दहा नंबरच्या बुटांत दोन मोजे चढवून नेटमध्ये गोलंदाजी केली.

माझ्यावर कारवाई झाली नाही. स्वतःहून गेलो होतो, मेसेज जसेच्या तसे होते आणि रक्कम घेतली नव्हती, या तीन गोष्टी कामाला आल्या असं मला वाटतं. तीन दिवस का थांबलास, हे मात्र त्यांनी तीन वेळा विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतो, सकाळची वाट पाहू नका. रात्री अकराला मेसेज आला तर रात्री अकरालाच कळवा. मेसेजला उत्तर देऊ नका, शिव्याही देऊ नका, पुसू नका, खात्री करायला उलट प्रश्न विचारू नका. खात्री करणं तुमचं काम नाही. मॅनेजरला सांगायची भीती वाटत असेल, तर व्याख्यानात त्या विभागाचा नंबर देतात, तिथे थेट बोला. तो नंबर कागदावर लिहून किटबॅगमध्ये ठेवा. सामन्याच्या दिवशी फोन आणि स्मार्टवॉच जमा असतात आणि नेमका मैदानावरच कोणी गाठला तर नंबर पाठ नसतो.

पैशाचा हिशेबही करून पाहा. वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला आज दिवसाला ४०,००० रुपये मिळतात. सात साखळी सामने, चार-चार दिवस, म्हणजे एका हंगामाचे ११,२०,०००. विदर्भानं २०१७-१८ पासून तीनदा रणजी करंडक जिंकलाय. माझ्या वेळी हे कुणी बोललं असतं तर खरं वाटलं नसतं. आता इथल्या पोराकडे गमावण्यासारखं खूप आहे, आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखं असतं त्याच्याच घरी लोक चहाला येतात.

दादानं नंतर मोहल्ला सोडला. त्याची आई तिथेच राहिली. ती सगळ्यांना सांगायची, माझ्या पोरानं याला बूट घेऊन दिले आणि यानं त्याचं नाव पोलिसांना सांगितलं. माझी आई दोन वर्षं त्या गल्लीनं भाजी आणायला गेली नाही. हेही होतं, आणि व्याख्यानात हे कोणी सांगत नाही.

आता मी शाळेच्या पोरांना शिकवतो, एका क्लबच्या संघाबरोबर बाहेरगावीही जातो. मागच्या मोसमात एका सतरा वर्षांच्या ऑफस्पिनरनं रात्री साडेदहाला माझं दार वाजवलं. फोन पुढे केला आणि म्हणाला, "सर, याला मी ओळखत नाही, पण हा मला ओळखते." मी त्याला पलंगावर बसवलं, फोन त्याच्याच हातात राहू दिला आणि किटबॅगमधला कागद काढला. पलीकडून फोन उचलेपर्यंत त्यानं दोनदा विचारलं, "सर, उद्या मला काढणार तर नाही ना?" दुसऱ्या दिवशी त्यानं दहा ओव्हर टाकल्या.